झाकणावरचा तळहात

मी एक जुना पॉवर ॲम्प्लिफायर आहे. माझं वय मी आपणहून सांगतो, कारण ते दुसऱ्या कुणी सांगितलं की पुढचं वाक्य भंगाराबद्दल असतं. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण ओळखलं नसेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही माइकसमोर उभे राहून 'आदरणीय व्यासपीठ' म्हणता, तेव्हा तुमचा आवाज माइकमधून थेट स्पीकरमध्ये जात नाही. मध्ये मी असतो. माइकमधून माझ्यापर्यंत येतो तो आवाज मुंगीएवढा असतो. त्याला हत्तीएवढा करून स्पीकरकडे पाठवायचं, हे माझं काम. कार्यक्रम चांगला झाला की लोक गाणाऱ्याचं कौतुक करतात आणि बिघडला की माझ्याकडे वळून बघतात. त्याची आता सवय झाली आहे.

माझा जन्म बिबवेवाडीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. दशरथ नावाचे कारागीर तिथे मागणीप्रमाणे ॲम्प्लिफायर बनवून द्यायचे. त्यांनी मला जाड लोखंडी पेटी दिली, पुढे ॲल्युमिनियमची चकचकीत पट्टी दिली, काटे हलणारी दोन मीटर दिली आणि दोन्ही बाजूंना मजबूत कड्या दिल्या. कड्या दोन असल्या तरी मला उचलायला माणसंही दोन लागायची, आणि उचलताना ती एकमेकांशी बोलत नसत. एवढा मी जड होतो. या वजनातलं निम्मं वजन होतं माझ्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरचं. भिंतीतून येणारी वीज मला पचेल अशी करून देणारा तो भाग. आमच्या शेडमध्ये ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळायचं काम कौशल्याबाई करायच्या. हात चालू आणि तोंडही चालू, पण तारेचा एक वेढासुद्धा दुसऱ्यावर चढायचा नाही.

तार गुंडाळून झाली की ट्रान्सफॉर्मर वार्निशमध्ये बुडवतात आणि भट्टीत ठेवून वाळवतात. त्याने आतल्या लोखंडी पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटतात आणि ट्रान्सफॉर्मर गप्प राहतो. माझाही बुडवला होता. पण तो पुरता मुरायच्या आतच बाहेर काढावा लागला, कारण गणपती तोंडावर आले होते आणि गिऱ्हाईक शेडच्या दारात ठाण मांडून बसलं होतं.

ते गिऱ्हाईक म्हणजे येरवड्याचे अल्लाबक्ष. तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. त्यांनी लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा नवा धंदा सुरू केला होता आणि एका मंडळाला शब्द देऊन बसले होते. मला पहिल्यांदा चालू केलं तेव्हा ट्रान्सफॉर्मरमधून बारीक गुणगुण निघाली. दशरथांचा चेहरा पडला. गणपती झाले की परत आणा, पुन्हा वार्निशमध्ये बुडवून देतो, असं ते म्हणाले. अल्लाबक्षांनी माझ्या झाकणावर तळहात ठेवला. त्यांच्या हाताखाली मी थरथरत होतो. ते हसले आणि म्हणाले, "असू द्या हो. चालू आहे की बंद, हात ठेवला की कळेल."

मला परत न्यायचं राहिलं ते राहिलंच. कारागिराच्या दृष्टीने मी थोडा कच्चा राहिलेला माल होतो. पण मित्रांनो, त्याच कच्चेपणावर माझा पुढचा सगळा संसार उभा राहिला.

अल्लाबक्षांची काम करायची एक तऱ्हा होती. ते माझी मीटर बघायचेच नाहीत. कार्यक्रम सुरू झाला की माझ्या शेजारी खुर्ची टाकायची, डावा तळहात माझ्या झाकणावर ठेवायचा आणि डोळे व्यासपीठाकडे लावायचे. माझी गुणगुण एकसारखी नसते. नुसताच चालू असलो तर ती बारीक आणि सपाट असते. ढोलकीची थाप पडली, तबल्याचा डग्गा घुमला, की स्पीकरकडे जास्त ताकद पाठवावी लागते आणि त्या प्रत्येक ठोक्याला माझा ट्रान्सफॉर्मर अंगातून हलतो. अल्लाबक्षांना हे सगळं हातातून वाचता यायचं. मी फार जोराने थरथरू लागलो की ते उजव्या हाताने आवाज थोडा खाली घ्यायचे. शेजारचे स्पीकरवाले त्यांची थट्टा करायचे. अल्लाबक्ष मशीन चालवत नाही, मशीनचा ताप बघतो, असं म्हणायचे. त्यांची मशीनं जळायची, मी नाही जळलो.

आम्ही दोघांनी पुष्कळ पुणं पाहिलं. गणपतीतले ऑर्केस्ट्रा केले, उरुसातल्या कव्वाल्या केल्या, मंगल कार्यालयातले सनई-चौघडे केले. शाळांचे पंधरा ऑगस्ट केले. विश्रांतवाडीच्या एका सभेत नेत्यांचं भाषण इतकं लांबलं की माझ्या झाकणावर अल्लाबक्षांनी चहाचा कप गरम ठेवला होता. शंभर माणसं असोत की हजार, कार्यक्रम संपला की ते फडक्याने मला पुसायचे आणि मगच स्वतःचं तोंड धुवायचे. त्यांच्या पत्नी जैनबबी म्हणायच्या, "मलाही एक कडी बसवून घ्या. म्हणजे माझ्याकडेही लक्ष जाईल." अल्लाबक्ष नुसते हसायचे. घरात हे लोक त्यांची दखनी बोलतात आणि घराबाहेर मराठी. मी दशरथांच्या शेडमध्ये मराठीच शिकलो, म्हणून सगळ्यांचं बोलणं मराठीतच सांगतो आहे.

पण आवाजाच्या धंद्याची किंमत असते, आणि ती कानांना मोजावी लागते. वर्षानुवर्षं स्पीकरच्या शेजारी बसून अल्लाबक्षांचा आधी डावा कान गेला, मग हळूहळू उजवाही गेला. हे फारसं कुणाला कळलं नाही, कारण त्यांनी कळू दिलं नाही. साउंडवाल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला काम कोण देणार, हा आधीचा विचार. पुढे धंदा मुलाने हाती घेतला, पण तोवर लपवायची सवयच लागून गेली होती. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, न कळलं तर 'हो, हो' म्हणायचं, गर्दीत अंग काढून घ्यायचं. मुलाला वाटलं, म्हातारे चिडके झाले, आपल्याच तंद्रीत असतात. मला मात्र ठाऊक होतं. कारण त्यांचा हात माझ्यावर पूर्वीपेक्षा जास्त वेळ राहू लागला होता, आणि जास्त दाबून.

आता त्यांच्या मुलाबद्दल सांगतो. तन्वीर वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा गैरसमज व्हायचा नाही. धंदा त्यानेच सांभाळला. पण मला टेम्पोत चढवता-उतरवता त्याच्या पाठीचा मणका सरकला. महिनाभर तो पालथा पडून होता. त्याच्या बरोबरीचे सगळे आता एका हातात उचलता येतील असे हलके ॲम्प्लिफायर वापरतात. त्यांच्या पोटात जड ट्रान्सफॉर्मर नसतो, गुणगुण नसते, काही नसतं. टिफिनसारखे उचलायचे आणि चालू लागायचं. माझ्यामुळे त्या मुलाला पट्टा बांधून हिंडावं लागत होतं. ते बघून मला स्वतःच्या वजनाची लाज वाटायची.

त्यातून माझी तब्येतही ठीक नव्हती. आतले वीज साठवणारे कंडेन्सर सुकले होते, पंखा कुरकुरत होता, विजेची वायर ठिकठिकाणी तडकली होती. मी पूर्वीपेक्षा लवकर तापायचो. तन्वीर मला विश्रांतवाडीला अपेक्षा नावाच्या मुलीच्या दुकानात घेऊन गेला. ती मूळची यवतमाळकडची. शिक्षणासाठी पुण्याला आली आणि इथेच दुरुस्तीचं दुकान टाकून बसली. तिने झाकण उघडलं आणि आतला एकेक भाग तपासून पाहिला. मग तिने दोन वाटा सांगितल्या. सुकलेले भाग बदलून मला आहे तसा उभा करता येईल. किंवा आतलं सगळं काढून टाकून नवीन हलकं मशीन बसवता येईल. पेटी तीच, तोंड तेच, वजन मात्र चौथाई.

"दुसरं करू," तन्वीर म्हणाला. "मॉडिफाय करून टाकू. अब्बांना बाहेरून तोच दिसेल, आणि माझी पाठ वाचेल. दोघंही खूश."

हे त्याने मनापासून सांगितलं, टाळायचं म्हणून नाही. पण घरी येऊन विषय काढला तेव्हा अल्लाबक्ष 'नाही' म्हणाले. का नाही, ते सांगेनात. तन्वीरने पाठीचं सांगितलं, वायरीचं सांगितलं, आग लागेल म्हणून सांगितलं. अल्लाबक्ष आपला एकच शब्द धरून बसले. तन्वीर वैतागला. म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काय, असं तो शेजारच्या खोलीत जाऊन बडबडला. ते अर्थातच अल्लाबक्षांना ऐकू आलं नाही. जैनबबींना आलं. त्या काहीतरी बोलायला गेल्या, आणि नवऱ्याने नुसती मान हलवली, तशा गप्प बसल्या.

याच सुमारास पुष्कर नावाचे एक गृहस्थ मला बघायला आले. ते मोठ्या कंपनीत नोकरीला आहेत आणि त्यांना जुन्या ध्वनियंत्रांचं वेड आहे. मला बघून त्यांचे डोळे भरून आले; खरंच आले, मी थट्टा करत नाही. दशरथांच्या हातचं आता काही शिल्लक नाही म्हणाले. मग तन्वीरला बजावलं, "अहो, यातला एक स्क्रूसुद्धा बदलू नका. बदललात तर तो तो राहणार नाही. त्यापेक्षा मला द्या. मी काचेच्या कपाटात ठेवीन, आत छान लाइट लावून."

तन्वीरने विचारलं, की मग वाजवणार कधी. पुष्कर म्हणाले, छे, वाजवायचा नाही, झिजेल.

मित्रांनो, त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण काचेच्या आड उजेडात बसून नुसतं दिसत राहायचं, हे ऐकून मला त्या टिफिनसारख्या मशीनचासुद्धा हेवा वाटला. आता तुम्ही विचाराल, की तुला स्वतःला काय हवं होतं? बदल नको होता, असं मुळीच नाही. तडकलेली वायर बदलावी, सुकलेले कंडेन्सर काढावेत, हे मलाही पटत होतं. आजाऱ्याला औषध नको असतं का? भीती एकाच गोष्टीची होती. ट्रान्सफॉर्मर गेला की गुणगुण जाणार. आणि गुणगुण गेली की त्या तळहाताखाली काही उरणार नाही. अल्लाबक्षांना जे थोडंफार ऐकू यायचं, ते माझ्या झाकणातून यायचं. मला हे ठाऊक होतं. पण आवाज मोठा करणाऱ्याला स्वतःचा आवाज नसतो.

तन्वीरची मुलगी मंतशा सातवीत आहे. ती ढोलकी वाजवते. शाळेतल्या संगीताच्या बाई म्हणाल्या, मुलींनी टाळ्याच का वाजवायच्या, आणि ढोलकी हिच्या गळ्यात अडकवली. ती वाजवायला लागली की घर हलतं. जैनबबी म्हणतात, "नातीच्या हातात ढोलकी, आजोबांच्या डोक्यात ॲम्प्लिफायर. या घरात गप्प बसणारी मी एकटीच." स्नेहसंमेलनात मंतशाच्या वर्गाचं लोकनृत्य होतं आणि ढोलकी तिची होती. आवाजाचं कामही शाळेने तन्वीरलाच दिलं होतं. अल्लाबक्ष आठवडाभर त्या एका दिवसाची वाट बघत होते. नात घरी सराव करायची तेव्हा ते दारात उभे राहून तिचे हात बघायचे. नुसते हात.

तन्वीरने त्या कार्यक्रमासाठी एक नवीन हलकं मशीन मित्राकडून आणलं. चांगलं चाललं तर तसंच माझ्या पोटात बसवायचं, असा त्याचा बेत होता. पण वडिलांना दुखवायचं नव्हतं. म्हणून त्याने एक युक्ती केली. मला सोबत नेलं, दोन माणसं लावून. सभागृहाच्या मागच्या भिंतीशी टेबल मांडलं, त्यावर मला ठेवलं आणि चालूही केलं. माझा लाल दिवा लागला, मी गुणगुणू लागलो. स्पीकरच्या वायरी मात्र त्याने टेबलाखालच्या नव्या मशीनला जोडल्या, आणि पुढे टेबलक्लॉथ खाली सोडला. अब्बा शेजारी बसतील, दिवा बघतील, समाधानी राहतील. अशी चूक फक्त प्रेमाच्या माणसालाच सुचते.

अल्लाबक्ष धुवून इस्त्री केलेला पांढरा कुडता घालून आले. खुर्ची टाकली, माझ्या झाकणावर डावा तळहात ठेवला. आधी प्राचार्यांचं भाषण झालं, मग बक्षिसं झाली. भाषणाला मी तसाही फारसा हलत नाही, त्यामुळे त्यांना काही वावगं वाटलं नाही. मग पडदा सरकला. नऊवारी नेसलेल्या मुली रांगेत आल्या, आणि कडेला माइकसमोर मंतशा ढोलकी घेऊन बसली. तिने एकदा आजोबांकडे पाहिलं. अल्लाबक्षांनी तळहात थोडा दाबला.

तिने वाजवायला सुरुवात केली. नवीन मशीन उत्तम होतं, उगाच का नाव ठेवू? सभागृह दणाणून गेलं. पालक मान हलवू लागले, मागची मुलं बाकं बडवू लागली. आणि मी तिथे टेबलावर, बारीक, सपाट, रिकामा गुणगुणत होतो. माझ्यातून एक थापसुद्धा जात नव्हती.

अल्लाबक्षांना समोर नातीचे हात दिसत होते. ते झरझर चालत होते. आणि हाताखाली काहीच नव्हतं. त्यांनी तळहात उचलून पुन्हा ठेवला. मग दोन्ही हात ठेवले. मी काय करणार होतो? मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकं हतबल कधी वाटलं नव्हतं. त्यांच्या हिशोबाने मशीन चालू होतं, पण स्पीकरची वायर निसटली होती. पोरगी जीव तोडून वाजवते आहे आणि कुणालाही ऐकू जात नाही. चाळीसएक वर्षं हा धंदा केलेल्या माणसाने अशा वेळी जे करायचं, तेच त्यांनी केलं. ते उठले, खुर्च्यांच्या मधून घाईघाईने पुढे गेले आणि व्यासपीठासमोर उभे राहून दोन्ही हात हलवत मोठ्याने म्हणाले, "थांबा, थांबा. आवाज जात नाहीये. पोरीची ढोलकी ऐकू येत नाहीये."

ढोलकी थांबली. नाचणाऱ्या मुली जिथल्या तिथे थांबल्या. आणि मागून हसू फुटलं. एवढी कानठळ्या बसवणारी ढोलकी, आणि हे आजोबा म्हणतात ऐकू येत नाही. अल्लाबक्षांनी वळून पाहिलं. हसणं त्यांना ऐकू आलं नाही, पण दिसलं. ते तसेच उभे राहिले, हात अर्धवट वर धरलेले. व्यासपीठावर मंतशाने ढोलकी पोटाशी घट्ट धरली.

तन्वीर माझ्याजवळ उभा होता. त्याने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्या झाकणाकडे पाहिलं. झाकणावर घामाने उमटलेला तळहात अजून वाळला नव्हता. तन्वीरने त्यावर आपला हात ठेवला. बहुतेक पहिल्यांदाच ठेवला. माझी सपाट गुणगुण त्याच्या हाताला लागली, आणि माझ्या मते त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. हट्ट कसला होता ते, चिडचिड कसली होती ते, 'हो, हो' कसलं होतं ते. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

पण साउंडवाल्याचा मुलगा तो. त्याने टेबलावरचा माइक उचलला आणि सगळ्यांना म्हणाला, "माफ करा. अब्बा बरोबर सांगताहेत. वायर माझ्याकडून चुकीच्या ठिकाणी लागली आहे. दोन मिनिटं द्या, मुली पहिल्यापासून सुरू करतील."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. हसणारे गोंधळले आणि गप्प बसले. तन्वीर पट्टा बांधलेल्या कमरेने टेबलाखाली वाकला, नव्या मशीनच्या वायरी काढल्या आणि मला जोडल्या. मग स्वतः पुढे जाऊन वडिलांचा हात धरून त्यांना परत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि त्यांचा तळहात उचलून माझ्या झाकणावर ठेवला.

मंतशाने पुन्हा सुरुवात केली. पहिली थाप पडली आणि मी ती अंगभर घेतली. मी म्हातारा होतो, कंडेन्सर सुकलेले होते, पंखा कुरकुरत होता. पण त्या दिवशी मी दशरथांच्या शेडमधून नुकताच बाहेर पडल्यासारखा थरथरलो. अल्लाबक्षांची बोटं आधी स्तब्ध होती. मग करंगळी हलली, मग सगळी बोटं हलली, आणि मग ती नातीच्या ढोलकीबरोबर माझ्या झाकणावर ठेका धरून बसली. त्यांचे डोळे वाहत होते. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी तन्वीर त्यांच्यासमोर येऊन बसला आणि त्याने सरळ विचारलं. अल्लाबक्षांनी त्याचे ओठ वाचले. मग म्हणाले, "दिवसभर मी तुम्हा सगळ्यांत असतो आणि कुणाचंच काही पोचत नाही. याच्यावर हात ठेवला की पोचतं. हा जाईल म्हणून नाही म्हणत होतो. दुसरं काही नाही."

तन्वीरने आईकडे पाहिलं. जैनबबींना सगळं माहीत होतं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं हा माणूस माझं सगळं ऐकून घेतो आणि उलट एक शब्द बोलत नाही. मला संशय येणार नाही का?" मग त्यांनी पदराने डोळे टिपले. कुणाला न सांगण्याची नवऱ्याने घातलेली शपथ त्यांनी इतके दिवस पाळली होती.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. अल्लाबक्षांना डॉक्टरकडे नेऊन कानाचं यंत्र बसवलं. त्याने त्यांना घरातलं बोलणं बरंचसं कळू लागलं. पण गाणं-बजावणं त्यातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं येतं, असं ते म्हणतात. आणि मला पुन्हा विश्रांतवाडीला नेलं. अपेक्षाने सुकलेले कंडेन्सर बदलले, तडकलेली वायर काढून नवीन तीन पिनांची घातली, पंखा बदलला. माझ्या तळाला चार दणकट चाकं बसवली, म्हणजे तन्वीरने मला उचलायचं नाही, ढकलायचं. टेम्पोत चढवायला फळीचा उतारही बनवून घेतला.

सगळं झाल्यावर तिने मला चालू केलं आणि कान दिला. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण होतीच. तिला ते बरं वाटलं नाही. चांगल्या कारागिराला वाटूही नये. ती म्हणाली, "एवढं एक राहिलंय. वार्निशमध्ये नीट बुडवून भट्टीत ठेवला की अगदी गप्प होईल. करून टाकू?"

दशरथांनी जे करायचं ठरवलं होतं आणि राहून गेलं होतं, तेच हे काम. तन्वीरने माझ्या झाकणावर हात ठेवला. आता त्यालाही ती सवय लागली आहे.

"नको," तो म्हणाला. "तेवढं राहू द्या."

मी घरी परतल्यावर पुष्कर पुन्हा आले. माझी चाकं बघून त्यांना फार वाईट वाटलं. "अहो, याला आता ॲम्प्लिफायर म्हणायचं की भाजीची गाडी?" असं त्यांनी विचारलं. जैनबबींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "चाकं काढून टाकू हवं तर. उचलायला आपण येत जा." पुष्करांनी चहा घेतला. जाताना मात्र त्यांनी मी चालू असल्याचं पाहून गुपचूप माझ्या झाकणावर हात ठेवून पाहिला आणि बराच वेळ काढला नाही. काचेच्या कपाटाचं पुन्हा कधी बोलले नाहीत.

आता मी रोज संध्याकाळी घरातच चालू असतो. मंतशा ढोलकीसमोर माइक लावते, आवाज अगदी लहान ठेवते, शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून. अल्लाबक्ष कानाचं यंत्र काढून खिशात ठेवतात आणि माझ्या शेजारी बसतात. परवा तिने एक नवीन ठेका धरला. ते डोळे मिटून, तळहात टेकवून बसले होते. मध्येच म्हणाले, "डाव्या हाताची थाप दबतेय. हात लवकर उचल."

मंतशा थांबली. तिने ढोलकी बाजूला ठेवली, उठून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि सावकाश विचारलं, "दादाअब्बा, तुम्हाला ऐकू आलं?"

"नाही," ते म्हणाले. "पण तू कुठे चुकलीस ते कळलं."

ती पुन्हा जाऊन बसली आणि डावा हात लवकर उचलू लागली. थाप मोकळी झाली, हे मलाही जाणवलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी जुनं असेल. जड असेल, कुरकुरत असेल, जागा अडवत असेल. त्याला बदलू नका, असं मी म्हणणार नाही. माझी नवी वायर आणि ही चाकं मला मनापासून आवडली आहेत. फक्त त्याचं झाकण उघडण्याआधी, त्याच्यावर रोज कोण हात ठेवतं ते बघा. आणि त्या माणसाला एकदा विचारा. शेजारच्या खोलीतून नको. समोर येऊन, त्याला तुमचे ओठ दिसतील असं उभं राहून विचारा.